नाणे, तबकडी आणि कारागीर : ज्यूकबॉक्सच्या दुरुस्तीचा इतिहास, मुंबईपासून तोरणमाळपर्यंत

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ हे सातपुड्याच्या रांगेतील पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर असून, शहाद्याहून तिकडे जाणारा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता शेवटच्या टप्प्यात सात पायरी घाटाच्या वळणांनी माथ्यावर पोचतो. गोरखनाथाचे मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुहा, यशवंत तलाव आणि सीताखाई यांच्यामुळे या ठिकाणाची ओळख एकाच वेळी तीर्थक्षेत्राची आणि थंड हवेच्या ठिकाणाची आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला खानदेशातून जसे लोक येतात तसेच सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातून आणि गुजरातेतूनही येतात. संगीत वाजवणाऱ्या यंत्रांचा महाराष्ट्रातील इतिहास लिहिताना नजर साहजिकच मुंबई-पुण्यावर खिळते. परंतु एखादे यंत्र घाट चढून वर का गेले आणि दुसरे खालीच का राहिले, हा प्रश्न तोरणमाळसारख्या ठिकाणाहून विचारला, तर त्या इतिहासातील एक दुर्लक्षित कर्ता पुढे येतो, आणि तो म्हणजे दुरुस्ती करणारा कारागीर. यंत्राची किंमत, विजेची उपलब्धता आणि लोकांची हौस या तिन्ही गोष्टींना महत्त्व आहेच. तथापि बिघडलेले यंत्र तेथल्या तेथे पुन्हा चालू करता येते की नाही, यावरच ते त्या गावाचे होणार की नाही हे बहुतेक वेळा ठरले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ज्यूकबॉक्स हे यंत्र, आणि विशेषतः त्याचा शेवटचा, म्हणजे सीडीवर चालणारा अवतार, या प्रतिपादनाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ठरतो.

नाणे टाकल्यावर आणि कळ दाबल्यावर संग्रहातील हवे ते गाणे आपोआप काढून वाजवणारे कपाट म्हणजे ज्यूकबॉक्स. त्याचा आरंभ २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील पॅले रॉयल या मद्यगृहात झाला, असे मानले जाते. लुई ग्लास याने तेथे एडिसनच्या फोनोग्राफला नाण्याची खाच आणि कानाला लावायच्या चार नळ्या जोडल्या होत्या. आवाज विजेने मोठा करण्याची सोय १९२०च्या दशकाच्या अखेरीस आल्यावर या यंत्राला एका कानापुरते न राहता अख्खी खोली भरून टाकता येऊ लागली. सीबर्ग कंपनीने १९४८मध्ये ५० तबकड्यांच्या दोन्ही बाजू वाजवून १०० गाण्यांची निवड देणारे यंत्र काढले आणि १९५०मध्ये मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या लहान विनाइल तबकड्यांसाठी त्याची सुधारित आवृत्ती आणली. लाखेच्या जड, ठिसूळ तबकड्यांच्या तुलनेत ही लहान तबकडी हलकी असल्यामुळे ती उचलून ठेवणारा यांत्रिक हातही हलका झाला आणि बिघाडांचे प्रमाण घटले. वुर्लिट्झर, रॉक-ओला आणि एएमआय या त्या काळच्या इतर प्रमुख कंपन्या होत.

मुंबईत या यंत्राला घर मिळाले ते काही इराणी हॉटेलांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केरमान या प्रांतांतून आलेल्या इराण्यांनी चौकाचौकांच्या कोपऱ्यांवर चहा-बनमस्क्याची दुकाने थाटली होती; कयानी १९०४ची, ब्रिटानिया १९२३ची आणि कुलाब्याचे मोंडेगार १९३२चे. यांपैकी मोंडेगार मारिओ मिरांडांच्या भित्तिचित्रांइतकेच आपल्या ज्यूकबॉक्ससाठीही प्रसिद्ध झाले. या यंत्राचे आकर्षण समजून घेण्यासाठी त्या काळच्या नभोवाणीचे धोरण ध्यानात घ्यावे लागते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यानंतर आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू होईपर्यंत ही कोंडी कायम राहिली. ज्या गाण्यासाठी सिलोनच्या निवेदकाच्या मर्जीची वाट पाहावी लागे, ते चार आण्यांसारख्या किरकोळ नाण्यात हव्या त्या क्षणी ऐकता येणे ही चहाच्या टेबलावर बसणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने मोठीच सत्ता होती. घरी तबकडीवादक घेणे ज्याला परवडत नव्हते त्याला या कपाटाने निवडीचा अधिकार दिला, आणि त्याचे सामाजिक मोल यंत्राच्या झगमगाटापेक्षा अधिक मानले पाहिजे.

परंतु परदेशी यंत्र मुंबईत चालवणे हेच मुळात दुरुस्तीचे काम होते. अमेरिकेतील वीज ११७ व्होल्टच्या आसपासची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची, तर भारतातील २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची. व्होल्टचा फरक दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून मिटतो. आवर्तनांचा फरक मात्र तसा मिटत नाही, कारण तबकडी फिरवणाऱ्या त्या काळच्या मोटरची गती विजेच्या आवर्तनांशी बांधलेली असे. अमेरिकेसाठी बनवलेली मोटर येथे सहास पाच या प्रमाणात सावकाश फिरते आणि ४५ फेऱ्यांची तबकडी साडेसदतीस फेरेच घेते. परिणामी गाणे रेंगाळते, इतकेच नव्हे तर त्याचा षड्ज बरोबर मंद्र सप्तकातील शुद्ध धैवतावर उतरतो, कारण त्या दोन स्वरांतील प्रमाणही सहास पाच हेच आहे. हा दोष मीटरवर दिसण्याआधी कानाला कळतो. त्यावर उपाय म्हणजे मोटरच्या आसावरील पुली त्याच प्रमाणात मोठ्या व्यासाची बसवणे, आणि हे काम विजेच्या मिस्त्रीपेक्षा लेथवर काम करणाऱ्या खरादीच्या हातचे असते.

नाण्याची अडचण याहून गुंतागुंतीची होती. यंत्रात पडलेले नाणे एका तिरक्या मार्गावरून घरंगळत जाते आणि वाटेत त्याचा व्यास, जाडी, वजन व धातू यांची परीक्षा होते. लोखंडी चकत्या टाकून फसवणूक होऊ नये म्हणून वाटेवर एक चुंबक बसवलेले असते, जे लोखंडाला धरून ठेवते आणि तांबे-निकेलच्या अमेरिकी नाण्याला सोडून देते. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आल्यावर निघालेले पंचवीस नव्या पैशांचे नाणे शुद्ध निकेलचे होते, आणि निकेल चुंबकाला चिकटते. म्हणजे खऱ्या नाण्यालाच खोटे ठरवणारी यंत्रणा येथे काढून टाकणे किंवा बदलणे भाग होते. पुढे हे नाणे तांबे-निकेलच्या मिश्रधातूत निघू लागले, आणि १९८८पासून स्टेनलेस स्टीलचे झाल्यावर चुंबकाचा प्रश्न पुन्हा उभा राहण्याजोगी स्थिती आली. टांकसाळीने धातू बदलला की दुकानातल्या यंत्राला कारागीर बोलवावा लागे, हा राज्यकारभार आणि करमणूक यांच्यातील एक सूक्ष्म दुवा आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून बाद झाली.

सुट्या भागांची टंचाई ही या काळातील कायमची अडचण होती. परकीय चलनाच्या तुटवड्यामुळे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले आणि ते सैल होऊ लागण्यास १९९१ साल उजाडावे लागले. बिघडलेला भाग बदलून टाकणे शक्य नसल्याने तो उघडणे, समजून घेणे आणि पुन्हा घडवणे हीच एक वाट उरे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतील रेडिओ व विद्युत भागांच्या बाजारांतून, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील रेडिओ व दूरचित्रवाणी यांत्रिकी या अभ्यासक्रमातून आणि दुकानात उमेदवारी करत शिकणाऱ्या मुलांच्या पिढ्यांतून जे ज्ञान साठत गेले, त्याची जडणघडण या टंचाईने केली. त्या ज्ञानाची फारशी लेखी नोंद झाली नाही, ही महाराष्ट्राच्या तंत्रेतिहासातील खरी उणीव आहे.

खेड्यापाड्यांत आणि सातपुड्याच्या कुशीत मात्र ज्यूकबॉक्सचे काम एका वेगळ्याच व्यवस्थेने केले. लग्न, जत्रा, उद्घाटन अशा प्रसंगी भाड्याने येणारा लाउडस्पीकरवाला तबकडीवादक, अँप्लिफायर, कर्णा, म्हणजे ज्याला सर्रास भोंगा म्हणतात तो, आणि पत्र्याच्या पेटीत भरलेला तबकड्यांचा साठा घेऊन येई. लोक त्याच्याकडे फर्माईश करत आणि तो पेटीतून तबकडी शोधून लावी. निवड करणे, तबकडी उचलणे, ठेवणे, पुन्हा जागेवर घालणे ही ज्यूकबॉक्समधील सारी कामे येथे माणूस करत होता, आणि म्हणून त्या कामांत बिघाड होत नव्हता. अहुजा कंपनीचे अँप्लिफायर बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालत असल्याने वीज नसलेल्या गावातही ही व्यवस्था पोचली. चावी देऊन चालणारा जुना ग्रामोफोन तर विजेवर मुळीच अवलंबून नव्हता. त्याची कमान, म्हणजे आतील पोलादी स्प्रिंग, तुटली किंवा त्यातील ग्रीस घट्ट झाले तर घड्याळाच्या कारागिरालाही ते काम समजत असे. घाट चढून जाऊ शकणाऱ्या यंत्राची लक्षणे यावरून स्पष्ट होतात : वजन थोडे, विजेची गरज लवचिक, आणि अंतरंग असे की गावातल्या हाताला ते उघडता यावे.

सीडी, म्हणजे प्रकाशाने वाचली जाणारी तबकडी, फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून घडवली आणि ऑक्टोबर १९८२मध्ये जपानात प्रथम विक्रीस आली. १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या या पारदर्शक प्लास्टिकच्या चकतीवर सूक्ष्म खळग्यांची एकच सर्पिलाकार रेषा आतून बाहेर जाते. रेषेच्या दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून थोडे अधिक असते. त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लाखेसारखे संरक्षक लेपन आणि त्यावर छापील नाव अशी रचना असते. खालून सोडलेला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर किरण त्या थरावरून परावर्तित होऊन येतो आणि त्यातील चढउतारांवरून ध्वनी पुन्हा उभा केला जातो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रो, सीबर्ग, जर्मनीतील एनएसएम अशा उत्पादकांनी या चकत्यांवर चालणारे ज्यूकबॉक्स आणले. शंभर चकत्या मावणाऱ्या कपाटात एक हजाराहून अधिक गाणी बसू लागली, निवडीसाठी चकतीचा आणि गाण्याचा क्रमांक दाबायचा आणि विजेची आवर्तने पन्नास असोत वा साठ, गाण्याचा सूर ढळायचा नाही, कारण चकतीची गती आता स्फटिकावर चालणाऱ्या घड्याळाशी बांधलेली होती. जुन्या कारागिराला छळणारा एक दोष असा समूळ नाहीसा झाला आणि त्याच्या जागी अनेक नवे आले.

सीडी ज्यूकबॉक्स हे वस्तुतः तीन यंत्रांचे एकत्र कुटुंब आहे : चकत्या साठवून हलवणारी यांत्रिक व्यवस्था, चकती वाचणारा वादक, आणि नाणे, कळा, स्मृती व आज्ञा सांभाळणारे नियंत्रक मंडल, म्हणजे सर्किट. दोष दिसतो एका ठिकाणी आणि असतो दुसऱ्या ठिकाणी, त्यामुळे दुरुस्तीची पहिली पायरी स्क्रूड्रायव्हर उचलण्याची नसून दोष कोणत्या भागात आहे हे ठरवण्याची असते. जाणता कारागीर त्यासाठी अदलाबदलीची साधी, पण तर्कशुद्ध पद्धत वापरतो. एखादी चकती वाजत नसेल, तर तीच चकती दुसऱ्या खणात ठेवून पाहायची आणि तिच्या मूळ खणात दुसरी, चांगली असल्याची खात्री असलेली चकती ठेवायची. दोष चकतीबरोबर हलला तर चकती खराब. खणातच राहिला तर तो खण वाकलेला किंवा उचलणाऱ्या हाताची नेमकी जागा चुकलेली. आणि सर्वच चकत्या सर्वच खणांतून नाकारल्या जात असतील तर वादकाकडे वळायचे. रोगनिदानाच्या या पद्धतीत महाग उपकरण लागत नाही, संयम लागतो.

वीजपुरवठ्याचा संशय असेल तर महाराष्ट्रातील दुरुस्तीच्या दुकानांतून सीरिज लॅम्प हे साधन हमखास वापरले जाते. मुख्य तारेच्या वाटेत साठ किंवा शंभर वॉटचा तंतूचा दिवा जोडून त्यातून यंत्राला वीज द्यायची. आत कोठे थेट जोड, म्हणजे शॉर्ट, असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि यंत्र जळण्यापासून वाचते, दोष नसेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. फ्यूज उडाला म्हणून जाड तार बांधून यंत्र चालू करणाऱ्या घाईवर हा सर्वोत्तम उतारा आहे. त्यानंतर मल्टिमीटरने निरनिराळ्या भागांना मिळणारा दाब मोजायचा, कारण नियंत्रक मंडलाला लागणारे पाच व्होल्ट थोडे जरी घसरले तरी यंत्र अर्धवट शुद्धीत असल्यासारखे वागते : आकडे दिसतात, कळा दाबल्या जातात, पण हात मध्येच थांबतो. जुन्या यंत्रांत या घसरणीचे कारण बहुधा फुगलेला किंवा वाळलेला कपॅसिटर असतो, आणि वर्षानुवर्षे थरथर सोसलेल्या टाक्यांतील डाख तडकून सुटणे हे दुसरे. भिंगाखाली अशा टाक्याभोवती बारीक काळे वलय दिसते. स्मृती टिकवण्यासाठी मंडलावर बसवलेली लहान बॅटरी पाझरली तर तिच्यातील क्षार तांब्याच्या रेषाच खाऊन टाकतो, आणि मग तुटलेली प्रत्येक रेषा बारीक तारेने पुन्हा जोडावी लागते.

यांत्रिक भागातील बिघाड अधिक आणि समजण्यास सोपे असतात. चकत्यांचे चाक फिरते, पण नेमक्या खणासमोर थांबत नाही, अशी तक्रार असेल तर प्रकाशसंवेदक तपासायचा असतो. एका बाजूला अवरक्त प्रकाश सोडणारा सूक्ष्म दिवा, समोर तो ओळखणारा डोळा आणि दोहोंमधून जाणारी खाचांची पट्टी अशी त्याची रचना असते. धुळीचा एक तंतू अडकला तरी खाच मोजण्यात चूक होते आणि यंत्र आपली आरंभीची जागा शोधत पुन:पुन्हा फिरत राहते. रबरी पट्टा सैल पडला तर मोटर फिरते आणि हात हलत नाही. असा पट्टा गरम पाण्यात काही मिनिटे ठेवून तात्पुरता आवळून घेण्याची युक्ती कारागिरांत प्रचलित आहे, पण ती काही दिवसांचीच बेगमी असते. मोठ्या शहरात योग्य मापाचा पट्टा मिळतो; दूरच्या गावी टेपरेकॉर्डरच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यातून जवळचे माप शोधण्यावाचून गत्यंतर नसते. सरकणाऱ्या दांड्यांवरील ग्रीस वाळून चिकट झाले असेल तर जुने ग्रीस संपूर्ण पुसून मगच नवे लावावे लागते. जुन्यावर नवे चोपडल्यास दोष लपतो आणि महिन्याभराने अधिक बळावून परततो.

वादकाच्या बिघाडांत खरी परीक्षा असते, कारण तेथे डोळ्याला काहीच दिसत नाही. चकती जागेवर बसली की भिंग वर-खाली हलून आपले लक्ष्य शोधते, लक्ष्य सापडले की चकती फिरू लागते आणि आतल्या कडेवर लिहिलेली अनुक्रमणिका वाचली जाते. या तीन टप्प्यांपैकी कोठे गाडी थांबते हे पाहिले की दोषाचा पत्ता निम्मा लागतो. भिंग हलतच नसेल तर तार किंवा मंडल, भिंग हलून चकती फिरत नसेल तर भिंगावरील धूळ किंवा क्षीण झालेला लेसर, फिरूनही अनुक्रमणिका वाचली जात नसेल तर चकतीची मोटर, असा अंदाज बांधता येतो. आतल्या बाजूने वाचताना चकती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला सुमारे २००. म्हणून पहिलीच गाणी अडखळत असतील तर थकलेल्या मोटरचा, आणि शेवटची अडखळत असतील तर वाचक सरकवणाऱ्या मार्गाचा संशय आधी घ्यावा लागतो. भिंग केसासारख्या बारीक तारांवर तोललेले असल्याने ते आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबाने ओलावलेल्या कापसाच्या बोळ्याने, दाब न देता पुसावे लागते. क्षीण झालेल्या लेसरचा प्रवाह बारीक स्क्रू फिरवून वाढवला तर यंत्र लगेच गाऊ लागते आणि ग्राहक समाधानाने परततो; परंतु त्या वाढीव प्रवाहाने लेसरचे उरलेले आयुष्य झपाट्याने सरते, आणि म्हणून प्रामाणिक कारागीर हा उपाय शेवटचा समजतो व ग्राहकाला तसे सांगतो. अवरक्त किरण डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याचा पडदा जाळू शकतो. चालू वादकाच्या भिंगात डोकावून पाहणे हा या व्यवसायातील सर्वांत मोठा अविचार होय.

चकतीच्या निगेबाबतही शास्त्र आहे. चुकलेली माहिती गणिताने भरून काढण्याची सोय सीडीत असून, रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंत सलग माहिती नष्ट झाली तरी ती पूर्णपणे परत मिळवता येते. म्हणून चकती पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसायची असते, गोल नव्हे. सरळ ओरखडा प्रत्येक वेढ्याला एकाच बिंदूत छेदतो आणि भरून निघतो, गोल ओरखडा एकाच वेढ्याच्या लांबच लांब भागाला गिळतो. खालच्या पारदर्शक बाजूचा ओरखडा घासून गुळगुळीत करता येतो, पण छापील नावाच्या बाजूचा ओरखडा थेट ॲल्युमिनियमपर्यंत पोचतो आणि त्याला इलाज नाही. सर्वसाधारण ग्राहक नेमका उलटा समज बाळगून नावाची बाजू टेबलावर घासत ठेवतो.

या नाजूक यंत्रणेला महाराष्ट्राच्या पावसाळ्यात काय सोसावे लागते याचा विचार केला, म्हणजे सीडी ज्यूकबॉक्स मुंबई-पुण्यातील मोजक्या उपाहारगृहांपुरताच का राहिला हे उमगते. दमट हवेत भिंगावर बाष्प धरते, चकत्यांवर बुरशीचे ठिपके उमटतात, आणि कडेच्या लेपनाला फट असेल तर ओल आत शिरून ॲल्युमिनियमचा थर काळवंडतो. तोरणमाळच्या पठारावर पावसाळ्यात धुके आणि हिवाळ्यात कडक थंडी असते, विजेचा दाब अनिश्चित, आणि सुटा भाग आणायचा तर शहादा, नंदुरबार किंवा त्याहूनही पुढे सुरतेपर्यंत जावे लागणार. शे-दोनशे किलो वजनाच्या, नाण्यावर चालणाऱ्या कपाटाला तेथे जागा नव्हती. जी सीडी खानदेशात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारगावांत पोचली ती स्वस्त, सुट्या वादकांच्या रूपाने, आणि तीही गाण्यांपेक्षा चित्रांमुळे. १९९३मध्ये ठरलेल्या व्हीसीडी या प्रकारात त्याच चकतीवर चित्रपट बसू लागला. मालेगावात नासिर शेख यांनी २०००मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट केल्यानंतर तेथे विनोदी, स्थानिक बोलीतील चित्रफितींचा एक उद्योगच उभा राहिला आणि खानदेशी विनोदी व्हीसीडी गावोगावच्या दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. या वादकांचे वाचक एकक स्वतंत्र मिळत असे. दुरुस्ती दुकानांच्या भाषेत त्या संपूर्ण एककालाच लेन्स म्हणतात, आणि लेन्स गेली की जुनी काढून नवी बसवणे हे अर्ध्या तासाचे काम असते. कॅसेटच्या काळात, म्हणजे १९८०च्या दशकात, टेपरेकॉर्डरचे डोके स्पिरिटने पुसणे आणि पट्टा बदलणे ज्यांना जमत होते, त्यांच्याच हातांनी हे नवे कौशल्य आत्मसात केले. ज्यूकबॉक्स खाली राहिला आणि त्याच्या पोटातला वादक तेवढा वर गेला, तो या हातांमुळे.

तोरणमाळच्या परिसरातील भिल्ल आणि पावरा समाजांचे स्वतःचे संगीत या सर्व काळात आपल्या वाद्यांवर उभे होते, याचा विसर पडता कामा नये. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारांत आणि होळीच्या रात्री वाजणारे मोठे ढोल, मांदल आणि बासरी ही वाद्ये ज्या हातांत असतात त्याच हातांना त्यांची दुरुस्ती येते. चामडे सैल पडले तर ढोल शेकोटीच्या धगीला धरून तापवायचा, दोरी आवळायची, फाटले तर नवे चढवायचे. वादक आणि कारागीर वेगळे नसल्याने बिघाड आणि दुरुस्ती यांत अंतरच पडत नाही. यंत्राच्या संगीताने मात्र ऐकणारा, वाजवणारा आणि दुरुस्त करणारा अशी तीन माणसे वेगळी केली आणि तिसऱ्याला सर्वांत कमी मान दिला. यात्रेत आज ध्वनिवर्धकांच्या भिंती लागतात, त्यांना जनरेटरची वीज मिळते आणि गाणी मोबाइलमधून येतात. तरीही ढोल मागे पडलेले नाहीत, आणि त्याचे एक कारण असे की त्यांचे सुटे भाग डोंगरातच मिळतात.

ज्यूकबॉक्सचा व्यवसाय २०००नंतर संगणकातील साठ्यावर गेला आणि सीडीची यांत्रिक व्यवस्था बनवणे जवळजवळ थांबले. सुटे भाग आता मोडीत निघालेल्या वादकांतून काढून घेतले जातात, त्यामुळे भंगाराचा व्यापारी आणि दुरुस्ती करणारा यांच्यात पूर्वी नव्हते असे अवलंबित्व निर्माण झाले आहे. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर ग्रामोफोन आणि जुनी वाद्ययंत्रे अजून मिळतात, पण ती शोभेसाठी घेणारे ग्राहक चालू स्थितीची मागणी करतातच असे नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काबाबतचे संकेतस्थळ सुरू केले, ज्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने या चार क्षेत्रांतील उत्पादकांनी दुरुस्तीपुस्तिका व सुट्या भागांची माहिती खुली करावी अशी अपेक्षा आहे. ज्यांचे उत्पादकच उरलेले नाहीत अशा यंत्रांना या योजनेचा लाभ मिळण्यासारखा नाही. त्यांची पुस्तिका ज्यांच्या स्मरणात आहे ते लॅमिंग्टन रोड, तपकीर गल्ली आणि तालुक्याच्या गावांतील कारागीर आता वयस्कर झाले आहेत, आणि त्यांच्याकडून मंडलांच्या आकृत्या, पर्यायी भागांची मापे व निदानाचे क्रम मराठीत उतरवून घेण्याचे काम कोणत्याही विद्यापीठाच्या इतिहास किंवा तंत्रज्ञान विभागाला हाती घेण्याजोगे आहे.